आमच्या गावची क्रॉस कंट्री डांबरावर न्यायची की सड्यावरच ठेवायची?

पाखाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात दर जानेवारीत क्रॉस कंट्री, म्हणजे शेता-रानातून पळायची शर्यत होते. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, किनाऱ्यावरचं, छोट्या बाजारपेठेचं. खाली पुळण म्हणजे वाळूचा किनारा, मध्ये नारळी-पोफळीची आगरं आणि भाताचे मळे, वर सडा म्हणजे जांभ्या कातळाचं पठार. पंचक्रोशीतल्या वाड्या आणि शाळा आपापले संघ उतरवतात. बक्षीस म्हणजे एक ढाल, प्रमाणपत्रं आणि आगरवाल्यांनी दिलेली शहाळी. पण त्या सकाळी अख्खा गाव बांधावर येऊन उभा असतो.

यंदाच्या तयारीच्या बैठकीत प्रस्ताव आला आहे की मार्ग सड्यावरून काढून सागरी महामार्गाच्या डांबरावर न्यावा. सरळ दहा किलोमीटर, बुटाला वेळ टिपणारी चिप, प्रत्येकाची सेकंदापर्यंत वेळ, शेवटी कमान, टी-शर्ट. मुंबई-पुण्याचे धावपटू येतील, प्रायोजक मिळतील, लॉजवाल्यांचा धंदा होईल. प्रस्ताव आणणारी मंडळी गावाचं भलं चिंतणारीच आहेत. तरीही मला तो पटलेला नाही. पुढच्या बैठकीत निर्णय होईल, त्याआधी जाणकारांनी इथे बोलावं म्हणून हा धागा.

ज्यांनी मार्ग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सुरुवात हायस्कूलच्या मैदानावर. तिथून समोरच्या मळ्यात. भात कधीच घरी गेलेलं असतं, पण ओल धरणाऱ्या कुणग्यांत (भातशेतीच्या तुकड्यांत) कुळीथ नाहीतर पावटा पेरलेला असतो. ते तुकडे सोडून रिकाम्या कुणग्यांतून रुंद पट्टा आखतो. पहिल्या तीनशे मीटरमध्ये वाट कुठे अरुंद होऊ नये असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे आणि तो अगदी रास्त आहे. नाहीतर सगळी पोरं एकदम एकाच बेड्यावर, म्हणजे कुंपणातल्या फाटकावर जाऊन आदळतील. मळा संपला की साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, साकवानंतर जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. इथे जो घाईने चढतो तो वर पोचेपर्यंत संपलेला असतो.

वर सडा. गुडघाभर पिवळं गवत, मधेमधे उघडा काळा कातळ आणि समोरून वारा. कातळावर पाय पकड घेतो, गवतात घेत नाही, कारण खाली खड्डा आहे की धोंडा ते दिसत नाही. म्हणून आठवडाभर आधी पट्ट्यातलं गवत कापून घेतो आणि ते ज्याच्या त्याच्या गोठ्यात पोचवतो. सड्यावरून आमराईच्या दगडी गडग्याला लागून वळायचं, मोहोराचा वास घेत घाटी उतरायची, सुरूच्या बनातून पुळणीवर यायचं आणि ओल्या वाळूवरून परत मैदान गाठायचं. एक फेरा साधारण पाच किलोमीटरचा. मोठ्या गटाला दोन फेरे.

आता मूळ मुद्दा. क्रॉस कंट्रीत घड्याळाला फारसा अर्थ नसतो. जगात कुठलेही दोन मार्ग सारखे नसतात, म्हणून या प्रकारात विश्वविक्रमच नोंदवला जात नाही. इथे फक्त क्रमांक मोजतात आणि क्रमांकांतून संघ मोजतात. आमच्याकडे प्रत्येक वाडीचे सहा जण पळतात आणि पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते. ज्याची बेरीज कमी तो संघ वर. जागतिक स्पर्धेतही हीच पद्धत आहे. समजा एका वाडीचे चौघे ३, ७, ११ आणि २० वे आले, बेरीज ४१. दुसऱ्या वाडीचा पोरगा पहिला आला, पण बाकीचे १०, १४ आणि २२ वे, तर बेरीज ४७. पहिला नंबर ज्या वाडीचा, ती वाडी ढाल हरली! शर्यत ठरवली ती विसाव्या आणि बाविसाव्या पोरांनी.

चिप लावली की हे सगळं जातं. मग प्रत्येक जण स्वतःच्या मिनिटांपुरता पळतो. मला हा चौथा धावपटू वाचवायचा आहे.

चाकरमानी ठाणे

दादा, लेख आवडला, पण दुसरी बाजू मांडतो. बैठकीत हा प्रस्ताव मांडणाऱ्यांत माझा चुलतभाऊही आहे.

गावातल्या पोरांना आज कशाची गरज आहे? पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण त्या एका धावण्याला आहेत आणि ते सेकंदांवर मिळतात. आपल्या पोराला स्वतःची नेमकी वेळ माहीत असणं हा चैनीचा भाग नाही. डांबरावर मोजलेलं अंतर असतं, वेळ मिळते, पुढच्या वर्षी ती सुधारता येते. सड्यावर पळून 'आठवा आलो' एवढंच कळतं.

दुसरं म्हणजे सुरक्षितता. घाटीत एखाद्याचा पाय मुरगळला तर रुग्णवाहिका तिथे पोचणार कशी? रस्त्यावर ती मागोमाग फिरते.

तिसरं म्हणजे पैसा. गावातले तरुण बारावी झाली की मुंबईची गाडी धरतात. चार लोक बाहेरून आले, राहिले, जेवले, तर काही तरी उभं राहील. याला नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

पीटीच्या बाई

तुम्ही दोघांनीही नेटकं मांडलंत. मी अनेक वर्षं शाळेत खेळ शिकवले आणि मुलींना जिल्ह्यापर्यंत घेऊन गेले, म्हणून थोडं लिहिते.

क्रॉस कंट्री हिवाळ्यात का? मूळ इंग्लंडमधलं. तिथे ट्रॅकचा हंगाम उन्हाळ्यात, म्हणून लांब पल्ल्याचे धावपटू थंडीत शेतांतून, चिखलातून पळून दम कमवायचे. मार्चमध्ये जागतिक स्पर्धा व्हायची ती त्या हंगामाच्या शेवटी. पहिली १९७३ साली बेल्जियमच्या वारेगेमला झाली. म्हणजे ही शर्यत मुळात पुढच्या शर्यतींचा पाया आहे. आपल्याकडे पावसाळा संपून ऑक्टोबरचा उकाडा सरला की डिसेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने अंगाला सोसतात, त्यामुळे हा खेळ आपल्याही ऋतूत बसतो.

चाकरमानी, तुमच्या भरतीच्या मुद्द्याला माझं उत्तर असं: १६०० मीटर शेवटपर्यंत टिकवून पळायला जो दम लागतो तो पाखाडीवर आणि वाळूत तयार होतो. वेळ मोजायला शाळेचं मैदान आहे, चुन्याने २०० मीटरचा गोल आखा आणि दर शनिवारी घड्याळ लावा. त्यासाठी वर्षातला हा एक दिवस खर्ची घालू नका. अविनाश साबळेचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, सैन्यात गेला, आधी सैन्याच्या क्रॉस कंट्रीत पळाला आणि मग स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. अडथळे, पाणी, बदलती गती ही त्याची शर्यत आणि तिची पायाभरणी उघड्या रानात झालेली.

आता माझी तक्रार. पाखाडी, तुमच्या मार्गाचं कौतुक आहे, पण मोठ्या गटात मुलगे दोन फेरे आणि मुली एकच, हे अजून का चाललं आहे? जागतिक स्पर्धेत २०१७ साली कंपालापासून पुरुष आणि महिला दोघांनाही १० किलोमीटर आहे. 'पोरींना झेपणार नाही' हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. ज्या मुली डोक्यावर दोन हंडे घेऊन तीच पाखाडी चढतात त्यांना न झेपण्यासारखं त्यात काय आहे?

पाखाडी

बाई, अगदी खरं. हा मुद्दा बैठकीत मांडतोच.

चौथ्या धावपटूचं म्हणालो ते नुसतं तत्त्व नाही. मागे एकदा कोळीवाड्याच्या मुलींचा संघ होता. पहिल्या तिघी पुढे निघून गेलेल्या. चौथी मुलगी पुळणीवर आली तेव्हा तिच्या पुढे बरंच अंतर ठेवून वरच्या वाडीच्या दोघी. ही चालायला लागली होती. तेवढ्यात शर्यत संपवून आलेल्या तिघी उलट पळत पाण्याच्या कडेने तिच्याकडे गेल्या. पट्टीच्या बाहेरून, हात न लावता, तिच्या बरोबरीने ओरडत पळायला लागल्या, 'दोघी गं, फक्त दोघी!' जाळी विणत बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकीला तिने सुरूच्या शेवटच्या झाडापाशी गाठलं, दुसरीला मैदानाच्या दारात. ढाल कोळीवाड्यात गेली ती दोन गुणांनी. पहिली आलेली मुलगी कोण हे आज मला आठवत नाही, चौथी पक्की आठवते. आता ती आमच्याकडे वळणावर झेंडा घेऊन उभी असते.

रुग्णवाहिकेचा मुद्दा खरा आहे. सड्यावर बैलगाडीची जुनी वाट आहे, तिथपर्यंत जीप येते. घाटीच्या मध्यावर मात्र वाहन पोचत नाही, तिथे स्ट्रेचर आणि चार धडधाकट माणसं लागतात.

तांडेल सिंधुदुर्ग

धागो बरो काढलास. आमच्याकडे मालवणच्या बाजूक असली शर्यत होऊक व्हयी.

एक गोष्ट विचारतो, तुम्ही तारीख कशी ठरवता? 'जानेवारीचा दुसरा रविवार' असं असेल तर ते बदला. पुळणीवर पळायचं तर आधी तिथ बघूची, मगे तारीख.

जुना ढोबळ हिशेब असा आहे की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला पूर्ण भरती. त्या दिवशी सात वाजता पोरं पुळणीवर आणलीत तर पाणी वर आलेलं, ओली घट्ट वाळू सगळी पाण्याखाली आणि पोरं वरच्या भुसभुशीत वाळूत रुततायत. तेच तृतीयेला बघा. तिनाची पाऊणपट सव्वादोन. त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शिवाय पुनव-अवस सरून दोन-तीनच दिवस झालेले असतात, उधाण असतं, त्यामुळे ओहोटीला पाणी लांब जातं आणि पुळण रुंद, घट्ट, सपाट मिळते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत पाणी धड वर चढत नाही, धड खाली जात नाही.

म्हणून द्वितीया किंवा तृतीया. शुद्ध आणि वद्य मिळून महिन्यातून दोनदा येते. रविवारीच पडेल असं नाही, पण शनिवारही धरलात तर बहुधा जमून जातं. हिशेब ढोबळ आहे, तारीख पक्की करण्याआधी बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघून घ्या.

आणि रापणीवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांना विचारा. हिवाळ्यात सकाळी रापण ओढायची असते. दोर ताणलेला असताना त्यावरून कोणी उडी मारू नये, दोर कधी सुटेल सांगता येत नाही. एक दिवस रापण उशिरा टाकतील, त्यांचीही पोरं पळणार आहेत ना.

पाखाडी

तांडेल दादा, यासाठीच धागा काढला होता! आजवर आम्ही रविवारच धरत आलो आणि काही वर्षं पुळण छान मिळाली, काही वर्षं नाही, एवढंच बोलत राहिलो. कारण आता कळलं. तिथीचा मुद्दा लिहून घेतला.

हापूसवाला

मार्ग ज्या बागांच्या गडग्यावरून जातो तशा बागेचा मी मालक आहे (गाव वेगळं, पण प्रश्न तोच). शर्यत सड्यावरच व्हावी असं मलाही वाटतं. तरी बागायतदाराच्या काही गोष्टी ऐका.

जानेवारी म्हणजे मोहोराचे दिवस. तुडतुड्यासाठी फवारणी चालू असते आणि ती आम्ही पहाटे-सकाळी करतो, कारण वारा पडलेला असतो. तुमची शर्यतही नेमकी तेव्हाच. फवारलेल्या बागेच्या कडेने धापा टाकणारी मुलं जाणं चांगलं नाही. म्हणून आयोजकांनी निदान पंधरा दिवस आधी प्रत्येक बागायतदाराला घरी जाऊन तारीख सांगावी. व्हॉट्सअॅपवर टाकून भागत नाही. आम्ही त्या आठवड्याची फवारणी आधी उरकतो किंवा पुढे ढकलतो, पण ढगाळ हवा आली तर थांबता येत नाही हेही समजून घ्या. अशा वेळी वळवायला दुसरी वाट तयार असू द्या.

गडगा पाडून वाट करू नका. जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचलेले असतात. एक काढला की चार हलतात, त्यातून गुरं आत शिरतात. बेडं आहे तिथूनच वाट घ्या आणि शेवटचा धावपटू गेला की बेडं लावायला एक माणूस ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आग. त्या दिवसांत सड्यावरचं गवत काडीसारखं वाळलेलं असतं. बघायला आलेल्या कोणी विडी टाकली तर वणवा थेट बागेत. फटाके तर अजिबात नकोत. एक वणवा वीस वर्षांची कलमं खातो.

कासवांची वाट

पुळणीबद्दल माझीही विनंती.

नोव्हेंबर ते मार्च हा आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ. माद्या रात्री येतात, भरतीच्या रेषेच्या वर वाळूत खड्डा करून अंडी घालतात आणि परत जातात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने संवर्धनाचं काम सुरू केलं आणि नंतर ते किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत पोचलं. कासवमित्र पहाटे किनाऱ्यावर फिरून मादीच्या पावलांची नक्षी शोधतात, घरटं काढतात आणि अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात.

शर्यतीचा मार्ग ओल्या वाळूवर, म्हणजे भरतीच्या रेषेच्या खाली ठेवलात तर कासवांना काहीच त्रास नाही. तांडेल दादांनी सांगितलेली ओहोटीची वेळ आमच्याही सोयीची आहे. पण कासवमित्राची फेरी होईपर्यंत पुळणीवर कोणालाही सोडू नका, कारण शंभर पावलं पडली की मादीचा माग पुसला जातो आणि ते घरटं सापडत नाही. पुळणीवर जीप नको, मोटारसायकल नको. आदल्या रात्री मंडप आणि दिव्यांच्या माळा किनाऱ्याकडे तोंड करून नकोत, उजेड दिसला की मादी माघारी फिरते आणि पिल्लं भलतीकडे जातात. डीजे तर सोडूनच द्या.

वैद्यकीय

मी डॉक्टर आहे, धावपटूही आहे. वर सुरक्षिततेचा मुद्दा निघाला म्हणून लिहिते.

कोकणात ऊन जेवढं त्रास देत नाही तेवढा दमटपणा देतो. घाम येतो पण वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री जुलैच्या भर उन्हात ठेवली होती. ३८ जण निघाले आणि फक्त १५ जणांनी शर्यत पूर्ण केली. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला, पण बाकीच्यांची अवस्था एवढी भयानक झाली की त्यानंतर क्रॉस कंट्री ऑलिंपिकमध्ये पुन्हा आली नाही. आपल्याकडे जानेवारीत पहाटे गारवा असतो, पण सूर्य सात-सव्वासातला वर येतो आणि नऊनंतर सडा तापायला लागतो. उघडा जांभा उष्णता धरून ठेवतो. म्हणून दोन फेऱ्यांचे मोठे गट आधी सोडा, नऊच्या आत संपवा. सध्या बऱ्याच ठिकाणी लहान मुलांची कौतुकाची शर्यत पहिली होते, भाषणं होतात आणि दहा किलोमीटरवाले उन्हात सापडतात. भाषणं शर्यतीनंतर.

डांबर सुरक्षित आणि सडा धोक्याचा, हे मला मान्य नाही. डांबरावर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं, तोच आघात त्याच हाडावर पुन्हा पुन्हा होतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या नडग्या दुखण्याची तक्रार माझ्याकडे रस्त्यावर सराव करणाऱ्यांचीच जास्त येते. सड्यावर घोटा मुरगळण्याचा धोका नक्की आहे, पण तिथे मुलं आपोआप सावध आणि सावकाश पळतात. शिवाय सागरी महामार्गावर डंपर आणि एसटी चालू असतात. त्या रस्त्यावर बारा वर्षांची मुलं पळवायची या कल्पनेचीच मला जास्त भीती वाटते.

वाळूबद्दल एक आकडा सांगते. मऊ वाळूत पळायला घट्ट जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते असं प्रयोगांत आढळलं आहे. त्यामुळे पुळणीवरच्या पट्ट्याच्या आधी पाणी हवंच. साखर-मीठ घातलेलं कोकम सरबत उत्तम. पाणी पिंपातून आणि स्टीलच्या पेल्यांतून द्या, प्लास्टिकच्या बाटल्या सड्यावर नेऊ नका.

अनवाणी पळणाऱ्या मुलांना बळेच बूट घालू नका. ज्याने कधी बूट घातले नाहीत त्याला शर्यतीच्या दिवशी नवे बूट दिले की फोड येणारच. बूट द्यायचे तर दिवाळीत द्या.

कातळवेडा

सड्यावरून मार्ग आखणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली म्हणजे चिरेखाणी, जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी. जुन्या, बंद पडलेल्या खाणींना कुंपण नसतं आणि गवतातून अगदी कडेला जाईपर्यंत त्या दिसत नाहीत. मार्गापासून खाण कितीही लांब वाटली तरी तिथे दोरी आणि माणूस हवाच, कारण वाट चुकलेला मुलगा नेमका तिकडेच जातो. झेंड्यांची रीत पाळा. लाल झेंडा डाव्या हाताला, पांढरा उजव्या हाताला, धावपटूने मधून जायचं. एका झेंड्यापासून पुढचा दिसलाच पाहिजे.

दुसरी म्हणजे कातळशिल्पं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर हत्ती, मासे, माणसं, भौमितिक नक्षी कोरलेली आहे. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवीहसोळ ही नावं ऐकली असतील. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. अजूनही गवताखाली, मातीखाली नवी सापडतात. तुमच्या सड्यावर गवत कापताना कातळात सरळ खोदलेली रेघ दिसली तर तिथे चुन्याने पट्टा ओढू नका, वाट दहा-वीस पावलं बाजूला घ्या आणि जाणकारांना कळवा. गावातल्या गुराख्यांना विचारलंत तर ते नेमकी जागा दाखवतील.

चाकरमानी ठाणे

सगळं वाचलं. डंपरचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, डॉक्टरताईंचे आभार. चुलतभावालाही धागा पाठवला.

तरी पैशांचा प्रश्न उरतोच. सड्यावरची शर्यत ठेवायची तर खर्च कोण करणार? आणि बाहेरचे धावपटू येऊच नयेत असं तुमचं म्हणणं आहे का?

धावती आई

चाकरमानी, मी पुण्याची, रस्त्यावरच्या स्पर्धांत नेहमी पळते. त्या पुण्यात हव्या तेवढ्या मिळतात. तीच कमान, तोच टी-शर्ट घ्यायला मी घाट उतरून कोकणात येणार नाही. पण मळा, पाखाडी, सडा, मोहोर, पुळण असा मार्ग असेल तर आदल्या दिवशी येऊन राहीन, उकडीचे मोदक खाईन, पोरांनाही आणीन. बाहेरच्यांसाठी वेगळा गट ठेवा, फी घ्या, पण वाड्यांच्या गुणतक्त्यात आम्हाला मिसळू नका. ढाल वाड्यांचीच राहू दे.

एकच विनंती: संख्या मर्यादित ठेवा. पाचशे जणांनी तीच घाटी तुडवली तर पुढच्या पावसात तिथे ओहोळ पडेल.

पाखाडी

चाकरमानी, बाहेरच्यांना मज्जाव करावा असं मला मुळीच वाटत नाही. ताई म्हणाल्या तसा पाहुण्यांचा गट करायला माझी हरकत नाही. त्यांच्या फीतून स्ट्रेचर, दोऱ्या, झेंडे, कोकम आणि दिवाळीतले बूट एवढं निघावं. खर्च तसा मोठा नाहीच. चुना ग्रामपंचायत देते, पिंपं मंगल कार्यालयातून येतात, मापं घ्यायला हायस्कूलची टेप आहे. चिपचं भाडं ऐकलं तेव्हा माझ्या मनात आलं की एवढ्यात तीन वर्षांच्या शर्यती होतील.

बैठकीत मी हे मांडणार आहे: मार्ग सड्यावरच. तारीख द्वितीया-तृतीयेला धरून शनिवार किंवा रविवार. मोठे गट सातला सुटतील, पण कासवमित्राची फेरी झाल्याशिवाय कोणी मैदान सोडणार नाही. मुली आणि मुलगे दोघांनाही दोन फेरे. बागायतदारांकडे मी स्वतः जाऊन येईन. सहा जणांचा संघ, चौघांचे गुण, यात काही बदल नाही. आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी बाईंनी सांगितला तो मैदानावरचा गोल, दर शनिवारी, वर्षभर. चाकरमानी, त्यासाठी तुमच्या चुलतभावाइतका योग्य माणूस दुसरा नाही, त्याच्याशी मी बोलतो.

पीटीच्या बाई

मुलींना दोन फेरे दिलेत, फार बरं वाटलं. आता पुढचं. मुलींचा संघ सहाचा पूर्ण होत नाही म्हणून दरवर्षी दोन-तीन वाड्या त्यात उतरतच नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. सहा मुली मिळत नसतील तर चौघींचा संघ चालेल असं जाहीर करा, गुण तर चौघींचेच धरायचे आहेत. आणि हे नोव्हेंबरातच जाहीर करा. घरी विचारायला, सराव करायला त्यांना वेळ लागतो.

पाखाडी

मान्य, बाई. मात्र चौघींचा संघ केला आणि एक जरी गळली तरी संघ बाद होतो, म्हणून वाड्यांना पाचवी मुलगी शोधायला सांगतो. कोळीवाड्यातून झेंडेवाली मुलगी घरोघरी जायला तयार आहे, तिला आजच विचारलं. तुम्ही वरच्या वाडीत याल का तिच्याबरोबर? तिथल्या आया तुमचं ऐकतात.

पीटीच्या बाई

येते. शनिवारी शाळा सुटल्यावर निघू, तिला सांगा.